झोंबी, झॉम्बी आणि अस्मानी-सुलतानी

मराठीच्या वर्गात 'झोंबी' हा शब्द उच्चारला की आनंद यादव यांची १९८७ सालची आत्मचरित्रात्मक कादंबरी आठवावी, ही आम्हां शिक्षकांची स्वाभाविक अपेक्षा असते. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेल्या त्या ग्रंथात शिक्षणासाठी दारिद्र्याशी झुंजणारा एक मुलगा आहे. परंतु आज समोरच्या बाकांवरील विद्यार्थ्यांच्या मनात या उच्चारासरशी वेगळेच चित्र उभे राहते. मेलेली, पुन्हा उठलेली, लचके तोडीत चाललेली एक बिननावाची गर्दी त्यांना दिसते. हे ध्वनिसाम्य निव्वळ योगायोगाचे आहे. आपली झोंबी इच्छाशक्तीवाचून होत नाही आणि परदेशी झॉम्बीला इच्छाशक्तीच नसते. असे असूनही हा परका मृतात्मा, किंबहुना आत्मा नसलेला हा मृतदेह, आमच्याकडे कोणत्या वाटेने आला आणि येथे आल्यावर त्याचे काय झाले, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने उडवून लावावा इतका क्षुल्लक नाही.

झॉम्बीचे मूळ हैतीत आहे. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांना तेथे फ्रेंच मळेवाल्यांच्या उसात राबावे लागे. मरणानंतरही कुणी मांत्रिक आपल्याला उठवील आणि कामाला जुंपील, ही भीती त्या लोकसमजुतीच्या गाभ्याशी होती. विल्यम सीब्रुक यांच्या 'द मॅजिक आयलंड' या १९२९ च्या पुस्तकाने ही कल्पना अमेरिकी वाचकांपर्यंत नेली. १९३२ च्या 'व्हाइट झॉम्बी' या चित्रपटात साखरेच्या गिरणीत मुकाट राबणारे मृत मजूर दिसतात. म्हणजे आरंभीचा झॉम्बी कुणाला खाणारा नव्हता, त्यालाच व्यवस्थेने खाल्ले होते.

त्याला नरभक्षक केले ते जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या चित्रपटाने. गंमत अशी, की त्या चित्रपटात 'झॉम्बी' हा शब्दच नाही. तेथे या मृतांना अरबी 'गूल'वरून इंग्रजीत रूढ झालेल्या 'घूल' या नावाने ओळखले जाते. चित्रपटाचे नाव ऐनवेळी बदलताना स्वामित्वहक्काची ओळ पडद्यावरून गळाली आणि तत्कालीन अमेरिकी कायद्यानुसार तो सार्वजनिक मालमत्ता झाला. पुढे १९७६ मध्ये जपानमध्ये व्हीएचएस कॅसेट अवतरली आणि पाठोपाठ जगभर पसरली, तेव्हा या चित्रपटाच्या प्रती काढण्यास कुणालाच मज्जाव नव्हता. एका गळालेल्या ओळीने एका चित्रप्रकाराला घराघरांत पोहोचवले. त्याची कथाही घराचीच आहे. मूठभर माणसे शेतावरच्या घरात दारे-खिडक्यांना फळ्या ठोकून रात्र काढू पाहतात. असा चित्रपट चित्रपटगृहात पाहणे आणि स्वतःच्या घराची कडी लावून पाहणे यांत अंतर आहे, हे वेगळे सांगावयास नको.

आपल्याकडे १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हीसीआर फोफावला. आमच्या जुन्या जालन्यासारख्या वस्त्यांतून गणेशोत्सवात वर्गणी काढून रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणण्याची रीत आमच्या पिढीला चांगली आठवते. चोरट्या प्रतींचा सुळसुळाट एवढा, की १९८४ मध्ये स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती करून शिक्षा वाढवावी लागली. पुढे कॅसेट जाऊन सीडी आली. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा भाड्याने आणण्याचेही कारण उरले नाही. हॉलिवूडचे मारधाडपट हिंदी बोलू लागले होते. हिंदीबरोबरच दख्खनी उर्दूही रोज कानांवर पडणाऱ्या आमच्या गावात त्यांना दुभाष्याची गरज पडली नाही.

त्याच २००७ सालचा 'रेसिडेंट एव्हिल : एक्स्टिंक्शन' हा या परंपरेतील नमुनेदार चित्रपट. एका महाकाय कंपनीच्या प्रयोगशाळेतून सुटलेल्या विषाणूने जग संपले आहे. नद्या आणि सरोवरे आटली आहेत, अरण्यांची वाळवंटे झाली आहेत आणि लास व्हेगास वाळूत गाडले गेले आहे. उरलेल्या माणसांचा एक तांडा ट्रकांतून आणि बसमधून इंधन व अन्न हुडकीत हिंडतो. कंपनीचे अधिकारी मात्र जमिनीखाली सुरक्षित आहेत, आणि तेथील शास्त्रज्ञ मृतांना पुन्हा आज्ञाधारक बनवता येईल काय, याचे प्रयोग करीत आहेत. हैतीच्या मळ्यातील जुनी भीती येथे पांढऱ्या डगल्यात परत येते. पण चित्रपट तिच्यापाशी थांबत नाही. त्याला घाई आहे ती दोन्ही हातांत कुकऱ्या परजणाऱ्या नायिकेच्या लढाईची. वाचलेले काही जण अखेरीस हेलिकॉप्टरने अलास्काच्या रोखाने उडून जातात. मागे राहिलेले शुष्क जग नेपथ्यापुरतेच उरते.

आता आमच्या मुलुखातील मृतांकडे पाहू. मुंजा, हडळ, समंध, वेताळ यांपैकी कुणीही बिननावाचे नाही. प्रत्येकाला पिंपळ, विहीर, पार असे ठिकाण आहे, आणि पुष्कळांना एखादी राहून गेलेली वासना किंवा झालेला अन्याय आहे. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'तील (१९९३) तात्या विंचू बाहुल्यात शिरतो तोही नाव, बोली आणि वैर घेऊनच. तेथे शरीर गेलेले असते आणि आत्मा उरलेला असतो, झॉम्बीत नेमके उलट. मराठी भुताला 'तुझे काय राहिले?' असे विचारता येते. झॉम्बीला काही विचारायची सोयच नाही, त्याला फक्त गोळी घालावयाची. कथाप्रकार म्हणून हा भेद मूलभूत आहे. एकात मृताशी संवाद आहे, दुसऱ्यात केवळ बंदोबस्त.

जगबुडीनंतरच्या जगाचे चित्र मात्र मराठीला नवे नाही. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी 'अस्मानी सुलतानी' आणि 'परचक्रनिरूपण' या प्रकरणांतून उद्ध्वस्त मुलुखाचे वर्णन केले आहे. रामदास तरुण असताना, १६३० च्या सुमारास, दख्खनने भीषण दुष्काळ भोगला होता. त्या शीर्षकातील जोडशब्द आम्हांला समीक्षेचे उत्तम साधन वाटतो. आभाळाने केलेले ते अस्मानी, राज्यकर्त्याने केलेले ते सुलतानी. आपत्तीचे वर्णन करतानाच तिच्या कर्त्याविषयीचा प्रश्न या शब्दात गोवलेला आहे.

तोच प्रश्न घेऊन 'एक्स्टिंक्शन'कडे पुन्हा पाहावे. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा सर्वाधिक होरपळलेल्यांपैकी होता. मोसंबीच्या बागा वाळल्या, शेतकऱ्यांनी त्या हातांनी तोडल्या. पाण्याचे टँकर हेच गावाचे घड्याळ झाले. आटलेली सरोवरे आणि ट्रकांचा तांडा ही ज्या चित्रपटाला जगाच्या अंताची खूण वाटते, ते आमच्याकडे एका उन्हाळ्याचे वर्तमान होते. जग एकदाच बुडते आणि त्यानंतर कथा सुरू होते, हे त्या चित्रप्रकाराचे गृहीतक येथे लागू पडत नाही. १९७२ नंतर जग संपले नाही, २०१३ नंतरही नाही. माणसे ऊसतोडीला गेली आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतली. त्यांना न्यायला हेलिकॉप्टर आले नाही आणि अलास्काही नव्हते. म्हणूनच त्यांना विचारावे लागले की यात अस्मानी किती आणि सुलतानी किती.

मराठीतील पहिला झॉम्बीपट म्हणून गाजलेला आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी ओटीटीवर, म्हणजे घरगुती व्हिडिओच्या आजच्या अवतारात, उपलब्ध झाला. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या या विनोदी भयपटाची भूमी डोंबिवली आहे. जग संपलेले नाही, एक उपनगर संकटात आहे. उंच इमारती आणि शेजारची वस्ती यांच्यातील दरी आणि पाण्याचा प्रश्न कथेच्या मुळाशी आहेत. परदेशी साचा उचलतानाही मराठी लेखणीने त्यात नळ आणला, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. चित्रपट सर्वत्र सारखा जमला आहे असे नाही. विनोद पुष्कळदा प्रश्नाची धार बोथट करतो. पण 'हे कुणी केले?' हे विचारायला तो विसरत नाही. याच दिग्दर्शकाने पुढे २०२४ मध्ये हिंदीत 'मुंज्या' केला आणि कोकणातल्या, नाव व वासना असलेल्या भुताकडे तो परतला, ही गोष्टही पुरेशी बोलकी आहे.

असे चित्रपट पाहू नयेत, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगणार नाही. कॅसेटीचे दुकान बंद झाले, मोझर बेअर २०१८ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली निकालात निघाली, आणि तरी तो बिननावाचा जमाव आता खिशातल्या पडद्यावर चालतोच आहे. त्यास अडवणे शक्य नाही आणि इष्टही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की त्या गर्दीतला प्रत्येक जण काल कुणीतरी होता. तिकडे बंदूक रोखली जाते तेव्हा आपल्या भाषेतला जुना प्रश्न मनात जागा ठेवावा : बाबा रे, तू कोणत्या गावचा, आणि तुझे पाणी कुणी तोडले?