ऐकूं न येणाऱ्या मुलांचें घरगुती वाचन

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेंत वाढणारें मूल पुस्तक हातीं धरण्याच्या कितीतरी आधीं गोष्टींनीं श्रीमंत झालेलें असतें. तालमीपुढील हलगी, चौकांतला पोवाडा, देवळांतलें कीर्तन, आणि रात्रीं अंथरुणावर आजीनें सांगितलेली गोष्ट, हें सारें कानावाटे त्याच्या पदरीं पडतें. पुढें शाळेंत जें वाचावयाचें त्यांतील बहुतेक शब्द त्याच्या ओळखीचे असतात. ते कागदावर कसे दिसतात एवढेंच गुरुजींना दाखवावयाचें असतें.

याच पेठेंतल्या एखाद्या घरीं ऐकूं न येणारें मूल जन्मास आलें, कीं हा सारा ओघ उंबऱ्याशीं येऊन थांबतो. घरांत माया असते, पुस्तकेंही असतात. कोल्हापुरांत तर १८५० सालीं स्थापन झालेलें आणि करवीर नगर वाचन मंदिर या नांवानें प्रसिद्ध असलेलें ग्रंथालय आहे. उणीव असते ती पुस्तक आणि मूल यांच्या मधल्या बोलण्याची. अमेरिकेंतील पाहणीवरून असें दिसून आलें आहे, कीं शेंकडा नव्वदांहून अधिक कर्णबधिर मुलांचे आईबाप ऐकूं येणारे असतात. म्हणजे मुलाशीं बोलावयाची भाषा आईबापांपाशींही आयती नसते. ती त्यांनाही शिकावी लागते. अशा मुलांना पूर्वीं सर्रास ‘मुकीं’ म्हणत. वस्तुतः त्यांचा कंठ धडधाकट असतो. जें ऐकिलें नाहीं तें बोलावें कसें, एवढाच प्रश्न असतो.

ओठांकडे पाहून मुलानें समजून घ्यावें, असा सल्ला सहज दिला जातो. देणारानें एकदां आरशापुढें उभें राहून पाळ, बाळ, भाळ, माळ हे चार शब्द आवाज न काढतां उच्चारून पाहावे. चारही वेळां ओठ सारखेच मिटतात आणि सारखेच उघडतात. घशांतील कंप, श्वासाचा जोर आणि नाकांतून येणारा नाद यांमुळें जो फरक पडतो, तो डोळ्यांना दिसत नाहीं. छापील पानावर मात्र हे चार शब्द स्पष्टपणें चार आहेत. जी मराठी ओठांवर अर्धीमुर्धी दिसते, ती पुस्तकांत संपूर्ण दिसते. म्हणूनच ऐकूं न येणाऱ्या मुलाला पुस्तकाची गरज इतर मुलांहून अधिक. आणि तेंच पुस्तक त्याला एकट्यानें उघडणें सर्वांत कठीण.

हें मर्म फार पूर्वींच एका साधूनें ओळखलें होतें. सोळाव्या शतकांत स्पेन देशांतील पेद्रो पोन्से दे लेओन यानें व्हेलास्को या सरदार घराण्यांतील बहिऱ्या मुलांना शिकविलें. वस्तु दाखवावयाची, तिचें नांव लिहावयाचें, आणि मग उच्चाराकडे वळावयाचें, असा त्याचा क्रम होता. १६२० सालीं हुआन पाब्लो बोनेत यानें या विषयावर ग्रंथ छापला व त्यांत बोटांनीं अक्षरें दाखविण्याच्या आकृति दिल्या.

अमेरिकेंतील आरंभ तर शेजारधर्मांतून झाला. १८१४ सालीं हार्टफर्ड गांवीं थॉमस गॅलॉडेट नांवाच्या तरुणानें शेजारच्या डॉक्टर कॉग्सवेल यांची नऊ वर्षांची ॲलिस ही मुलगी पाहिली. तिला ऐकूं येत नसे. त्यानें आपली टोपी तिच्या हातीं दिली आणि काठीनें धुळींत ‘टोपी’ हा शब्द लिहिला, असें सांगतात. मुलीच्या बापानें गांवांतून पैसा उभा केला, गॅलॉडेट युरोपांत जाऊन आला, आणि पॅरिसच्या शाळेंतील लोराँ क्लेर हा स्वतः बहिरा असलेला शिक्षक त्याच्यासह आला. १८१७ सालीं हार्टफर्डची शाळा उघडली. त्या शाळेच्या मुळाशीं एक बाप आणि एक शेजारी होते.

पुढें मात्र घर मागें पडलें. १८८० सालीं मिलान येथें भरलेल्या शिक्षकांच्या परिषदेनें हातांच्या खुणा सोडून केवळ उच्चारानें शिकवावें, असा ठराव केला. १६४ प्रतिनिधींत बहिरा एकच होता. ज्यांच्या हातांविषयीं निर्णय घ्यावयाचा त्यांना विचारावें असें त्या विद्वानांना वाटलें नाहीं, हें आज चमत्कारिक वाटतें. १३० वर्षांनीं, २०१० सालीं, व्हँकूव्हरच्या परिषदेनें त्या ठरावाबद्दल खेद प्रकट केला. परंतु मधल्या काळांत कित्येक पिढ्या एकेका उच्चाराशीं झगडत मोठ्या झाल्या. आपल्याकडे १८८५ च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांनीं मुंबईस जी संस्था काढली, ती हिंदुस्थानांतील अशी पहिली शाळा मानली जाते. १८९३ सालीं कलकत्त्यास दुसरी निघाली. पुढील काळांत आपल्या शाळांतूनही बोलतें करण्यावरच भर राहिला, आणि गोष्टीचें पुस्तक हातीं येण्यास उशीर होत गेला.

कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मूल शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. शिक्षण ही घराचीही जबाबदारी आहे, हें त्या रुपयानें लोकांना कळलें. पण त्या काळची शाळा म्हणजे परवचा, पाढे आणि कविता. सारें मोठ्यानें म्हणावयाचें.

एका ठिकाणीं मात्र त्याच कोल्हापुरांत बहिरा मनुष्य इतरांच्या बरोबरीनें बसूं शकत होता, आणि तें म्हणजे मूकपटाचें थिएटर! बाबुराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ १९२५ सालचा. त्या काळीं पडद्यावर संवादांच्या लिखित पाट्या येत. ज्याला अक्षर येत नसे त्याला शेजाऱ्याकडून त्या वाचून घ्याव्या लागत. वाचतां येणाऱ्या बहिऱ्याला कोणाची गरज नसे. १९३२ सालीं याच शहरांत प्रभात कंपनीनें ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट काढला. सर्वांनीं आनंद केला. पाट्या गेल्या, आणि त्यांबरोबर त्या एका प्रेक्षकाची करमणूकही गेली. नभोवाणीवरील भाषणही त्याला मासिकांत छापून येईल तेव्हांच भेटतें.

घराकडे पुन्हां लक्ष वळविलें तें एका आईनें. नट स्पेन्सर ट्रेसी यांची पत्नी लुईझ हिचा मुलगा जॉन हा जन्मतः बहिरा. त्याला शिकवितांना जें कळलें तें इतर आयांना द्यावें म्हणून तिनें १९४२ सालीं लॉस अँजेलिस येथें संस्था काढली व लवकरच टपालानें विनामूल्य पाठ धाडण्यास आरंभ केला. तिचाही भर उच्चारावर होता. परंतु विद्यार्थी आईबापांना केलें, ही दृष्टि नवी होती. पन्नास वर्षांनंतर, १९९३ सालीं, हवाई बेटांत डेव्हिड श्लेपर यांनीं याच्या पुढचें पाऊल टाकिलें. त्यांच्या योजनेंत स्वतः बहिरा असलेला मार्गदर्शक आठवड्यांतून एकदां घरीं जातो, एक गोष्ट हातांच्या भाषेंत कशी सांगावी तें आईबापांना दाखवितो, आणि पुस्तक व त्या गोष्टीची चित्रफीत मागें ठेवून येतो. मिलानच्या सभेंत ज्याला विचारलें नव्हतें, तो येथें गुरु झाला.

आपल्या देशांत या कामाचीं साधनें उशिरां आलीं, पण आलीं. भारतीय सांकेतिक भाषेचें संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ सालीं दिल्लीस स्थापन झालें. त्याच्या कोशांत २०१८ सालीं ३,००० शब्द होते, २०२१ सालीं १०,००० झाले. शालेय पुस्तकें त्या भाषेंत आणण्याचा करार २०२० सालीं झाला. या भाषेचें व्याकरण मराठीचें नव्हे. म्हणून गोष्ट आधीं हातांनीं सांगून मग मराठी ओळीवर बोट ठेवावें लागतें. एका दमांत दोन्ही करूं गेल्यास दोन्ही बिघडतात.

शिवाजी पेठेंतील चारपांच घरांनीं मिळून असें वाचनमंडळ भरवावयाचें तर खर्च थोडा आणि धीर पुष्कळ लागेल. वाचणारानें खिडकीकडे पाठ करूं नये, नाहीं तर तोंड व हात अंधारांत जातात. पुस्तक मांडीवर न घेतां घडवंचीवर उभें करावें, म्हणजे हात मोकळे राहतात. मुलें अर्धवर्तुळांत बसवावीं. मूल चित्र पाहत असेल तोंवर थांबावें. त्याला एकाच वेळीं चित्र व हात दोन्ही पाहतां येत नाहींत, आणि ऐकूं येणाऱ्या मोठ्या माणसांना हें थांबणेंच सर्वांत जड जातें. एखाद्या वडीलधाऱ्या बहिऱ्या गृहस्थास अथवा बाईस अगत्यानें बोलावून मानाच्या जागीं बसवावें. भावंडांना आणि आजीलाही वगळूं नये. आजीला गोष्टी येतात, खुणा येत नाहींत. तिची खूण चुकली, कीं नातवंड तिचा हात धरून ती सुधारील, आणि पुढचें पान उलटण्याची घाई करील.