कॉइलओव्हर सस्पेन्शन : रस्ता आणि ट्रॅक यांसाठी परवडणारी निवड

कॉइलओव्हर सस्पेन्शन : शॉकअपच्या नळीभोवतीच गुंडाळी स्प्रिंग बसवून, नळीवरच्या आट्यांवर फिरणाऱ्या कड्याने स्प्रिंगची बैठक वरखाली करता येईल अशी केलेली रचना. तिच्यामुळे गाडीची उभी राहण्याची उंची बदलता येते. बहुतेक संचांत शॉकअपमधल्या तेलाचा विरोधही खटक्यांनी कमीजास्त करता येतो. मोटारसायकलच्या मागच्या शॉकअपवर पाच खाचांचे कडे असते आणि मेकॅनिक ते आकडीच्या पान्याने फिरवतो. कॉइलओव्हरचे कडे त्याच जातीचे, फक्त खाचांऐवजी सलग आटे असलेले.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील हसनाबादसारख्या गावातून अशा संचाची निवड करताना दोन गोष्टी आधी पाहाव्या लागतात : गावाखालची काळी माती आणि सर्किटचे अंतर. ग्रेटर नोएडाचे बुद्ध इंटरनॅशनल सर्किट (५.१२५ किमी), चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचे मद्रास इंटरनॅशनल सर्किट (३.७१७ किमी) आणि कोइम्बतूरचे करी मोटर स्पीडवे (सुमारे २.१ किमी) ही देशातली नावाजलेली सर्किटे इथून रस्त्याने हजार किलोमीटरच्या पुढे आहेत. गाडी ट्रेलरवर नेण्याइतका पैसा असणाऱ्याला परवडणारा संच शोधावा लागत नाही. ज्याला तो शोधावा लागतो, तो गाडी चालवतच नेतो. म्हणजे ट्रॅकवरच्या एका दिवसासाठी त्याच सस्पेन्शनवर दोन हजार किलोमीटर रस्ता आणि वर्षभराची सिल्लोड-भोकरदन-जालना ये-जा होते. नवा ग्राहक बहुधा विचारतो ते ‘किती खाली बसेल’ आणि ‘किती खटके आहेत’. या वापरात त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत : चाकाला वर-खाली जायला किती जागा उरते, आणि शॉकअप त्या स्प्रिंगला आवरण्याइतका सक्षम आहे का?

गाड्या : परदेशात हा विषय निघाला की माझ्दा एमएक्स-५ किंवा टोयोटा ८६ यांची उदाहरणे येतात. त्या भारतात अधिकृतपणे विकल्या जात नाहीत. महाराष्ट्रात त्यांची जागा चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (२०१३ पासून) आणि तिच्यानंतरची व्हर्टस यांनी घेतली. संभाजीनगरजवळच्या शेंद्रा वसाहतीतून आलेली श्कोडा ऑक्टेव्हिया आरएस ही त्यांची थोरली बहीण. पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग मुळातच शॉकअपभोवती असते. मागे मात्र बीम अ‍ॅक्सल आहे आणि स्प्रिंग एकीकडे, शॉकअप दुसरीकडे. त्यामुळे पोलोसाठी ‘चारही कॉइलओव्हर’ म्हणून जो संच मिळतो, त्यात मागे एक सुटी स्प्रिंग, तिच्याखाली उंची बदलणारी आट्यांची बैठक आणि वेगळा शॉकअप एवढेच असते. यात फसवणूक नाही. पण मागच्या स्प्रिंगवरचा आकडा पुढच्या आकड्याशी सरळ ताडून पाहू नये. चाकाशी जाणवणारा कडकपणा काढताना स्प्रिंगच्या कडकपणाला तरफेच्या गुणोत्तराच्या वर्गाने गुणावे लागते. पुढच्या स्ट्रटमध्ये ते गुणोत्तर एकच्या जवळ असते. मागे स्प्रिंग अक्षापासून किती आत बसवली आहे त्यावर ते ठरते.

स्प्रिंगचे गणित : एका पुढच्या चाकावर स्प्रिंगने पेललेले वजन ३०० किलो आणि स्प्रिंग ३० न्यूटन प्रति मिमी धरली (जपानी आणि तैवानी कंपन्यांच्या भाषेत साधारण ‘तीन किलो’ची), तर गाडीचा तो कोपरा सेकंदाला सुमारे १.६ वेळा झुलतो. स्प्रिंग ५० न्यूटनची केली की हा आकडा २.०५ वर जातो. घरगुती गाडी १ ते १.५ हर्ट्झमध्ये, जरा तडफदार १.५ ते २ मध्ये आणि पंख नसलेली ट्रॅकची गाडी २ ते २.५ किंवा त्याहून थोडी वर असते. रस्ता आणि ट्रॅक दोन्ही करणाऱ्याने दोनच्या आसपास थांबावे. विक्रेत्याने ‘आठ किलो’ची स्प्रिंग पुढे केली आणि गाडी अकराशे किलोची असली, तर ती स्प्रिंग गुळगुळीत डांबरी सर्किटासाठी आहे असे समजावे.

स्प्रिंग कडक झाली की गाडीच्या वजनाने ती कमी दबते. वरच्या उदाहरणात ३० न्यूटनची स्प्रिंग ९८ मिमी दबेल, ५० न्यूटनची फक्त ५९ मिमी. रस्त्यात खड्डा आला की चाकाला खाली उतरायला तेवढाच हात उरतो. तो संपला की चाक लोंबते आणि स्प्रिंग बैठकीवर सैल खडखडते. चांगले संच हा खडखडाट टाळायला मुख्य स्प्रिंगवर एक मऊ, चपटी मदतनीस स्प्रिंग देतात. स्वस्त संचात तीच आधी गाळलेली असते.

काळ्या मातीचा रस्ता : पूर्णा-गिरजेच्या खोऱ्यातली काळी कापूसमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरचा रस्ता खड्डे बुजवले तरी लाटांसारखा उरतो. अशा दोन उंचवट्यांत दहा मीटर अंतर असेल, तर ताशी ६० किमी वेगाला गाडीला सेकंदाला १.६७ झोके बसतात. म्हणजे १.६ हर्ट्झची गाडी नेमकी तालात सापडते. २.०५ हर्ट्झची गाडी त्याच रस्त्यावर ताशी ७४ च्या सुमाराला त्या तालात येते. कडक स्प्रिंगने झुलणे थांबत नाही, फक्त झुलण्याचा वेग बदलतो. ते थांबवणे हे शॉकअपचे काम आहे. मूळ शॉकअपचा विरोध सेकंदाला एक मीटर वेगामागे १,७०० न्यूटन धरला, तर ३० न्यूटनच्या स्प्रिंगवर तो पूर्ण आवरायला लागणाऱ्या विरोधाच्या २८ टक्के भरतो. स्प्रिंग ५० ची करून शॉकअप तोच ठेवला की तो २२ टक्क्यांवर येतो. नुसत्या लोअरिंग स्प्रिंगा टाकलेली गाडी गावाबाहेरच्या लाटांवर होडीसारखी डुलते ती यामुळे. समृद्धी महामार्ग जालन्याजवळून जातो. त्याच्यावर हा दोष कळत नाही, म्हणून चाचणी तिथे घेऊ नये.

शॉकअप : ट्विन-ट्यूब शॉकअपमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. तो स्वस्त पडतो, आणि बाहेरच्या नळीला पोचा पडला तरी बऱ्याचदा चालत राहतो. मोनोट्यूबमध्ये एकच जाड नळी असते आणि दाबाखालचा नायट्रोजन तेलापासून तरंगत्या पिस्टनने वेगळा ठेवलेला असतो. त्यातले तेल सलग फेऱ्यांत फेसाळत नाही, उष्णताही लवकर बाहेर पडते, पण नळीला दगड लागला की पिस्टन अडकतो. ही जात बिल्स्टाइनने मर्सिडीजसाठी १९५० च्या दशकात बाजारात रुजवली. खटक्यांच्या मोहात पडू नये. तीस खटके असलेल्या मध्यम किमतीच्या संचात एकच गुंडी दबण्याचा आणि सुटण्याचा विरोध बरोबरच वाढवते. त्या तीसांपैकी कामाचे सात-आठ असतात. विक्रेता त्या शॉकअपचा डायनो आलेख (कोणत्या वेगाला किती विरोध, हे चाचणी-यंत्रावर मोजून काढलेला) दाखवू शकतो का, हे विचारणे खटके मोजण्यापेक्षा उपयोगाचे.

उंची : इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. पोलोच्या सुमारे २.४७ मीटर चाकांतराला असा गतिरोधक पोटाखालची फक्त ४५ मिमी जागा खातो. तो सावकाश ओलांडायला १२५ मिमी उंचीही पुरते. मात्र गावांच्या वेशीवर लोकांनी आग्रह धरून घालून घेतलेला अरुंद, १५ सेमी उंच ढिगारा आपली सगळी उंची पोटाला लावतो. मूळ सुमारे १६५ मिमी असलेली गाडी ४० मिमी खाली केली, तर ती इथे घासणार. या भागात १५ मिमीपेक्षाही कमीच खाली जावे.

ट्रॅकवरही फार खाली गेलेली गाडी वेगवान होतेच असे नाही. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी खाली बसली की कंट्रोल आर्म वर झुकतात, रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली उतरते आणि वळणावर कलण्याचा जोर उलट वाढतो. शिवाय चाक बंप स्टॉपवर, म्हणजे धावेच्या शेवटच्या अडसरावर, लवकर आदळते. त्या क्षणी सस्पेन्शन अचानक कित्येक पट कडक होते आणि वळणात टायर पकड सोडतो. ज्या संचात शॉकअपचा खालचा पाय वेगळ्या आट्यांवर असतो, तो यासाठी बरा : त्यात उंची कमी करूनही पिस्टनची धाव पूर्ण राखता येते. कडे आवळून स्प्रिंग कडक होते हा गैरसमज गॅरेजांत जुना आहे. एकसारख्या कडकपणाच्या स्प्रिंगमध्ये आवळल्याने फक्त उंची बदलते.

बाजार : स्वीडनची ओह्‌लिन्स आणि जर्मनीच्या केडब्ल्यूची व्हेरिएंट ३ या वरच्या पायरीवर आहेत. जर्मन बिल्स्टाइन बी१४ मध्ये विरोध बदलता येत नाही, पण कारखान्यातून आलेली जुळणी नेटकी असते. केडब्ल्यूचाच एसटी हा स्वस्त ब्रँड आहे. जपानच्या टाइनचे ट्विन-ट्यूब संच आणि तैवानच्या बीसी रेसिंगचे मोनोट्यूब संच मधल्या पायरीवर येतात. बीसीचा बीआर संच अमेरिकेत हजार-बाराशे डॉलरच्या आसपास मिळतो. इथे त्यावर जहाजभाडे आणि सीमाशुल्क चढते. सर्वांत खाली मूळ शॉकअपवर चढवायच्या आट्यांच्या सुट्या नळ्या असतात. त्या घेऊ नयेत, कारण शॉकअप जुनाच राहतो. बीसी आणि बी१४ यांत हसनाबादहून ये-जा करणाऱ्याला बी१४ ची कायमची जुळणी जास्त सोयीची पडेल. त्याच पैशात मूळ उंचीचे बिल्स्टाइन बी६ किंवा कोनीचे शॉकअप, चांगले टायर, ब्रेक पॅड आणि ताजे ब्रेक ऑइल येत असेल, तर पहिल्या वर्षी तेच घ्यावे.

गंमत अशी की शॉकअपची विद्या इथून जवळ आहे. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकींचे शॉकअप आणि पुढचे फोर्क बनवते. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे कारखाने चाकण आणि नाशिकला आहेत. पण त्यांचा माल प्रामुख्याने वाहन-कारखान्यांकडे आणि सुट्या भागांच्या बाजाराकडे जातो. हौशी मोटारवाल्याचा कॉइलओव्हर अजून बहुतांशी आयातीचाच.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या के. जयचंद्र प्रकरणातील निकालात हे कडकपणे लावून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नव्याने लिहिलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाने केलेल्या प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. जर्मन संचांबरोबर तिथल्या टूव्ह संस्थेचे प्रमाणपत्र येते, पण ते जर्मनीतल्या नोंदणीसाठी असते. विमा कंपनीला बदल आधी लेखी कळवावा. मूळ शॉकअप आणि स्प्रिंगा भंगारात देऊ नयेत. गाडी विकताना आणि वाद झाल्यास त्याच लागतात.

बसवणे आणि निगा : संच बसवल्यावर कंट्रोल आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत, नाहीतर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि काही महिन्यांत फाटतात. शे-दोनशे किलोमीटरनंतर उंची पुन्हा मोजावी आणि मगच अलाइनमेंट करावी. वरच्या टोकाला रबराऐवजी धातूची गोळी असलेली कॅम्बर-पट्टी टायरचा कोन बदलायला सोपी असते, पण धूळ गेली की ती कटकटते. रोजच्या गाडीत रबरच ठेवावे. पावसाळ्यात काळी माती आट्यांत भरून वाळली की कडे हलत नाही. पावसाळ्याआधी आटे ब्रशने साफ करून त्यांना जाड ग्रीस लावावे आणि कोरड्या दिवसांत ते पुसून काढावे, कारण ग्रीसला धूळ चिकटते. केडब्ल्यूच्या स्टेनलेस नळ्यांना गंज चढत नाही, तरी माती त्यांच्याही आट्यांत बसते. दांड्यावरून तेल ओघळताना दिसले, तर सील गेले असे समजावे. खरेदीआधीच त्या संचाचे सील, आतले तेल आणि सुटा शॉकअप भारतात मिळतो का, याची चौकशी केलेली असावी. एका फुटलेल्या शॉकअपसाठी चारही बदलावे लागले, तर स्वस्त संच सर्वांत महाग पडतो.