नाणं वाजवून घेणारं यंत्र

हौसेखातर गुप्तधन शोधायला निघालेला माणूस मेटल डिटेक्टर घेताना पहिला प्रश्न विचारतो, “हे किती खोलवरचं पकडतं?” माझ्या मते हा प्रश्न चुकीच्या पूर्वजाला विचारलेला आहे. या यंत्राचा मूळपुरुष जमिनीत काही शोधत नव्हताच. हातातलं नाणं खरं की खोटं, एवढंच तो सांगायचा.

१८७९ साली लंडनमध्ये डेव्हिड ह्यूज यांनी ‘इंडक्शन बॅलन्स’ मांडला. तारेच्या कॉइलच्या दोन जोड्या, मायक्रोफोनमधून विजेत उतरवलेली घड्याळाची टिकटिक आणि कानाला टेलिफोन. दोन्ही जोड्या तराजूच्या पारड्यांसारख्या समतोल झाल्या की टेलिफोन मुका. एकीत शिलिंग ठेवला की टिकटिक सुरू, दुसरीत तसाच शिलिंग ठेवला की पुन्हा शांत. पण दोघांपैकी एक झिजलेला किंवा भेसळीचा असला, तर आवाज हटत नाही. सराफाची पारखच ही! बर्लिनच्या डोव्ह यांनी समतोल कॉइलचा खेळ कित्येक वर्षं आधी मांडला होता, मात्र त्यांच्याकडे टेलिफोनचा कान नव्हता.

टेलिफोन ग्रॅहॅम बेल यांचा. तोच वापरून ह्यूज यांनी बॅलन्स केला, आणि तो बॅलन्स उसना घेऊन १८८१ मध्ये बेल अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी शोधायला गेले. गोळी सापडली नाही. कोणी म्हणतं, गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला. कोणी म्हणतं, गारफिल्ड यांचे डॉक्टर ब्लिस यांनी फक्त उजवी बाजू तपासू दिली आणि गोळी होती डावीकडे. डॉक्टरांचा हट्ट मला जास्त दोषी वाटतो. तरी स्प्रिंगांच्या कथेतच माझ्या कुळकथेचा पुरावा आहे. बेल यांच्या यंत्राला ‘धातू आहे’ एवढंच कळत होतं. कुठला, हे विचारणं ते विसरलं होतं.

मूळपुरुषाच्या मानावर दुसरा दावा गेरहार्ड फिशर यांचा. विमानांना दिशा दाखवणाऱ्या रेडिओयंत्रात धातूच्या आसपास चूक येते, हे त्यांनी हेरलं आणि त्याच चुकीचं यंत्र केलं. पेटंट १९३७ चं. हा दावा कच्चा नाही. पण ती रेडिओची शाखा, आजच्या हौशी यंत्राची ती चुलत शाखा. पुढे महायुद्धात पोलिश अधिकारी कोसात्स्की यांचा सुरुंगशोधक आला, युद्धानंतर लष्कराचं शिल्लक सामान स्वस्तात विकलं गेलं, मग ट्रान्झिस्टरने यंत्र हलकं केलं.

आजच्या साध्या यंत्राच्या कॉइलमध्येही प्रेषक आणि ग्राहक वेटोळी एकमेकांना तोलूनच बसवलेली असतात. लोखंडी खिळा की चांदी, हे ते परतीच्या लहरीला किती उशीर झाला त्यावरून ठरवतं. ह्यूज यांची पद्धत वेगळी होती हे खरं. प्रश्न मात्र त्यांचाच. म्हणून कमी पैशात घ्यायचं तर खोलीच्या आकड्यांकडे कमी आणि या पारखीकडे जास्त बघावं. लोखंड वगळण्याचा पर्याय हवा, धातूनुसार सूर बदलायला हवा. ‘फॉइल’ वगळण्याचं बटण मात्र जपून दाबावं. सोन्याची बारीक अंगठी आणि ॲल्युमिनियमचा चुरगळलेला कागद या यंत्रांना जवळपास सारखेच वाटतात.

किंमतच सर्व काही असती, तर स्टॅफर्डशायरमध्ये २००९ साली सापडलेला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा सापडलाच नसता. तो शोधणाऱ्याचं यंत्र जुन्या वस्तूंच्या बाजारातून अडीच पौंडांना घेतलेलं, आणि साठ्याची किंमत ठरली सुमारे ३२.८५ लाख पौंड!

आपल्याकडे मात्र उत्साह आवरावा. ह्यूज यांच्या यंत्राच्या एक वर्ष आधी, १८७८ साली, भारतात गुप्तधनाचा कायदा आला. दहा रुपयांहून अधिक मोलाचं पुरलेलं काही सापडलं, तर कलेक्टरला कळवायचं, असं त्यात आहे. संरक्षित किल्ल्यांच्या परिसरात तर परवानगीशिवाय कुदळ मारायचीच नाही.