उंच बॉनेट, आकुर्लीचा चिखल

जुलै १९५६. लोकल कांदिवलीला थांबते आणि तुम्ही पूर्वेच्या बाजूला उतरता. पश्चिमेला घोडबंदर रोड, दुकानं, माणसांची वर्दळ. पूर्वेला शेतं. भाताची लावणी नुकती उरकली आहे, बांधावर ताड उभे आहेत आणि मागचा डोंगर अर्धा ढगात गेला आहे. मुंबईत आलो असं गावी पत्रात कळवायलाही हात कचरावा, कारण महापालिकेची हद्द अजून जोगेश्वरी-भांडुपलाच संपते. कांदिवली, बोरिवली आणि तिकडे मुलुंड पालिकेत यायला १९५७ उजाडायचं आहे. आकुर्लीकडे जाणारा रस्ता दोन दिवसांच्या पावसानं चिखलात गेला आहे. चपला हातात घ्या.

तुमचं वय अठरा. खिशात काकांनी दिलेली चिठ्ठी, तीही भिजलेली. इथं गाड्यांचा कारखाना आहे, तिथल्या एका मिस्त्रींना भेटायचं, एवढंच तुम्हाला ठाऊक. मिस्त्री फाटकापाशीच भेटतात. खाकी हाफपँट, खांद्यावर तेलकट फडकं. चिठ्ठी उघडूनही बघत नाहीत. "रत्नांग्रीचा ना रे तू? बस वर. बोलू जाता जाता."

वर म्हणजे कुठे? तुम्ही दाराची मूठ शोधता, तर गाडीला दारच नाही. छप्परही नाही, नुसती ताडपत्री, तीही मागे गुंडाळलेली. आजवर मोटार म्हणून जे काही पाहिलंत ते गोलाई असलेलं, चकचकीत, आतलं काही न दाखवणारं होतं. ही सगळी सपाट पत्र्याची आणि उघडी. खिडक्यांना काचा नाहीत, समोरची काच तेवढी आहे आणि तीसुद्धा बिजागरीवर पुढे बॉनेटवर आडवी पाडता येते. बॉनेट मात्र विचित्र उंच. मिस्त्री त्यावर थाप मारतात. "आत इंजिन उंच आहे, म्हणून हे उंच. शोभेसाठी काही नाही हिच्यात."

हेच ते सीजे-थ्री-बी. अमेरिकेत १९५३ मध्ये विलीज कंपनीनं काढलेलं मॉडेल. युद्धातल्या जीपचं इंजिन ६० अश्वशक्तीचं होतं. त्याच २.२ लिटरच्या इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नेले, ताकद ७० च्या पुढे गेली आणि इंजिनाची उंची वाढली. बॉनेट उचलावं लागलं. आपल्याकडे पुढे जुनी ती 'लो बॉनेट' आणि ही 'हाय बॉनेट' अशी विभागणी झाली. आजही कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये जीपची चौकशी केलीत तर पहिला प्रश्न तोच येतो.

गाडी सुरू होते आणि शंभर पावलांवर चिखलात बसते. मागची चाकं जागच्या जागी फिरतात, लाल पाणी उडतं, बांधावरची पोरं हसत सुटतात. उतरून ढकलायला लागणार म्हणून तुम्ही पाय बाहेर काढता. मिस्त्री हात धरतात. "बस की. बघ इकडे."

इकडे नीट बघा. तुमच्या आणि त्यांच्यामध्ये तीन दांड्या आहेत. एक नेहमीच्या गिअरची, तीन पुढचे आणि एक मागचा. बाकीच्या दोन आखूड. मिस्त्री क्लच दाबतात आणि पहिली आखूड दांडी सरकवतात. खालून 'खट्' असा आवाज येतो, तो कानाआधी तळपायाला कळतो. आता इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही जाते आहे. मग दुसरी दांडी, ती 'लो'ची. त्यानं चाकांचा वेग जवळजवळ अडीचपट कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. आधी पुढची चाकं जोडल्याशिवाय ही 'लो' लागतच नाही. तशी अटक मुद्दामच ठेवली आहे, कारण तो सगळा जोर एकट्या मागच्या धुरीवर पडला तर तीच तुटायची. मिस्त्री ॲक्सिलरेटर जवळजवळ दाबतच नाहीत. गाडी गुरगुरते, एक क्षण थांबते आणि माणसाच्या चालीनं, अजिबात घाई न करता, चिखलातून वर येते. पोरांचं हसू थांबतं.

त्या एका मिनिटात तुम्ही त्या गाडीचे होता. पुढे आयुष्यात कितीही गाड्या आल्या तरी हे मिनिट पुसलं जात नाही. उपनगरांतल्या ज्या ज्या जुन्या जीपवाल्यांशी मी बोललो आहे, त्यांच्या बोलण्यात असं एक मिनिट हमखास निघतं. वेग कुणीही सांगत नाही. गाडी अडली होती आणि निघाली, एवढंच सांगतात.

आता काटे दहा-अकरा वर्षं मागे फिरवा. १९४५. युद्ध संपलं आहे आणि फौजा निघून चालल्या आहेत. मागे उरलेल्या सामानाच्या विक्रीला लोक 'डिस्पोजल' म्हणतात. त्यात तंबू आहेत, बूट आहेत आणि जीपही आहेत. तुम्ही एका ठेकेदाराबरोबर अशाच एका आवारात उभे आहात. समोर हिरवट रंगाची लो बॉनेट, स्टिअरिंग डावीकडे. स्टार्टर पायानं दाबायचा. पेट्रोलची टाकी चालवणाऱ्याच्या बैठकीखाली, म्हणजे पेट्रोल भरायचं तर त्यानं उठायचं आणि गादी उचलायची. ठेकेदार वाकून चासीखाली बघतो आणि मान डोलावतो. त्याला खाणीवर जायचं असतं, तिथं रस्ता नाही. हौस हा विषयच त्याच्या मनात नाही.

ही गाडी जन्मली तीच घाईत. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकन लष्करानं हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी मागितली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीनं ४९ दिवसांत नमुना तयार करून २३ सप्टेंबरला लष्कराच्या ताब्यात दिला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. कैलासचंद्र महिंद्र युद्धाच्या काळात भारताच्या खरेदी मोहिमेचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथं त्यांची बार्नी रूस या अभियंत्याशी गाठ पडली. जीपचं इंजिन या रूसच्याच हातचं. ही गाडी आपल्या देशातल्या रस्त्यांना, म्हणजे रस्ते नसलेल्या देशाला, लागणार हे कैलासचंद्रांनी तिथं ओळखलं. १९४५ मध्ये त्यांनी, भाऊ जगदीशचंद्र यांनी आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं आणि त्याच सुमारास माझगावात सुट्या भागांच्या पेट्या उघडून विलीज जीप जोडायला सुरुवात झाली.

त्या काळी देशाला जीपची किती निकड होती ते एका प्रकरणावरून कळतं. काश्मीरच्या लढाईसाठी इंग्लंडमार्गे जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप मागवल्या. ज्या १५५ पोचल्या त्या वापरण्याजोग्या नव्हत्या. स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा म्हणून तो गाजला.

माझगाव ते कांदिवली हा प्रवास तुम्हाला नकाशावर छोटा वाटेल. पण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं की नुसत्या पेट्या उघडून गाड्या जोडणाऱ्यांना इथं जागा नाही, गाडी इथं बनवायची असेल तर राहा. शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनं १९५४ मध्ये गाशा गुंडाळला. फोर्डही गेली. कुर्ल्यात प्रीमियरनं फियाट धरली आणि कांदिवलीच्या शेतांत महिंद्रनं जीप. मुंबईच्या उपनगरांतल्या घराघरांत पुढची चाळीस वर्षं जो टर्नर, फिटर, वेल्डर दिसतो, तो या निर्णयातून आला. आकुर्लीच्या फाटकावर चिठ्ठी घेऊन उभे असलेले तुम्हीसुद्धा त्यातलेच.

सप्टेंबर १९६५. घाटकोपरची चाळ, ब्लॅकआऊट, खिडक्यांना काळे कागद. ज्यांच्याकडे रेडिओ आहे त्यांच्या दारात सगळा मजला जमला आहे. खेमकरणच्या आघाडीवर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या तोफेनं पॅटन रणगाडे फोडले आणि १० तारखेला त्यांना वीरमरण आलं. परमवीर चक्र जाहीर होतं. तुमच्या शेजारी बसलेला दहा वर्षांचा मुलगा विचारतो, "जीपला चिलखत नसतं ना हो?" नसतं. पत्रा आणि ताडपत्री. मुलगा गप्प होतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या वहीत पानापानावर जीप काढलेली असते, मागे तोफ आणि तोफेशी एक माणूस.

चार वर्षांनी 'आराधना' येतो. दार्जिलिंगची छोटी गाडी, खिडकीशी पुस्तक घेऊन शर्मिला टागोर आणि शेजारच्या रस्त्यानं उघड्या जीपमधून राजेश खन्ना. सुजित कुमार गाडी चालवतो आहे. तोवर जीप म्हणजे मामलेदार, फौजदार, बीडीओ, निवडणुकीचा कर्णा. गावात जीप आली की माणसं उभी राहायची, थोडी भीतीनंही. त्या पडद्यावर ती पहिल्यांदा तरुण पोरांची झाली. अंधेरीतल्या थिएटरमधून बाहेर पडताना तुम्ही मनातल्या मनात समोरची काच बॉनेटवर पाडून टाकलेली असते.

पण विकत घ्यायची कुठून? १९७३ नंतर पेट्रोल कडाडलेलं, नवी गाडी आवाक्याबाहेर. उत्तर कुर्ल्याला मिळतं. सीएसटी रोडवर, दुतर्फा, कापलेल्या गाड्यांची दुकानं. १९८४ साल धरा. मुलुंडच्या एका गॅरेजात लष्कराच्या लिलावातून आलेली हाय बॉनेट तुमच्या आणि मित्राच्या पैशांतून उभी आहे, आणि रविवारची सकाळ पुढच्या धुरीच्या नकल शोधण्यात जाते आहे. दुकानदार तीन ढिगारे उपसतो. एक मिळते, डाव्या बाजूची. उजवीसाठी पुढच्या रविवारी या. कमानपाट्याची पानं, हबची किल्ली, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, सगळं हातात घेऊन, घासून, नंबर वाचून घ्यायचं. या गाडीत माणसाच्या नजरेआड काहीच नाही. बॉनेटच्या दोन बाजूच्या कड्या सोडवल्या की कार्बोरेटरपासून डायनॅमोपर्यंत सगळं समोर. ज्यानं कधी पाना धरला नाही तोही सहा महिन्यांत व्हॉल्व्हची फट लावायला शिकतो. माझं स्पष्ट मत आहे की उपनगरी माणूस जीपवर भाळला तो तिच्या रूपापेक्षा या उघडेपणावर. ती आपल्याला समजते आणि समजलेलं यंत्र माणूस सोडत नाही.

गॅरेजातला म्हातारा मिस्त्री तुम्हाला एक सल्ला देतो. "भाऊ, पेट्रोल परवडत नाही, मॅटाडोरचं डिझेल टाकू या." तेव्हा हजारोंनी हेच केलं, पोटासाठी केलं, आणि त्यांना दोष देता येत नाही. महिंद्रनंही पुढे एमएम ५४० मध्ये प्युजोचं डिझेल इंजिन बसवलंच. तरी तुमचा मित्र नाही म्हणतो. विलीजच्या घराण्याचं इंजिन तसंच ठेवायचं. आठवड्याला पाच लिटर पेट्रोल, तेवढीच गाडी बाहेर काढायची. पावसाळ्यात एकदा येऊरच्या वाटेला जायचं, आखूड दांड्या टाकायच्या आणि परत यायचं.

अमेरिकेत सीजे-थ्री-बी १९६८ मध्ये थांबली. इथं त्याच कुळातल्या गाड्या पुढे कित्येक दशकं निघत राहिल्या. २०१० मध्ये तोच साचा अंगावर घेऊन थार आली. २०१८ मध्ये महिंद्रनं त्याच घडणीची रॉक्सर मिशिगनमध्ये जोडून विकायला काढली, तेव्हा जीपच्या मालक कंपनीनं तक्रार केली की ही आमच्यासारखी दिसते. २०२० मध्ये निकाल महिंद्रच्या विरोधात गेला आणि रॉक्सरचा चेहरा बदलावा लागला. कायद्याचं जे असेल ते असो. सत्तर वर्षं आपल्या कामगारांनी ठोकलेला पत्रा मूळ घराशी इतका मिळताजुळता राहिला, यात मला कांदिवलीच्या हातांची सही दिसते.

आज आकुर्लीला मेट्रोचं स्टेशन आहे. खालून द्रुतगती मार्ग वाहतो, भाताची शेतं टॉवरखाली गेली. चिखल शोधायला लोक थार घेऊन लोणावळ्याकडे जातात आणि तिथं नव्या पिढीला तेच मिनिट भेटतं, दांडी एकच असली तरी. त्याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र जुन्या हाय बॉनेट भंगारात चालल्या आहेत. सोसायटीच्या आवारात मागच्या भिंतीला ताडपत्रीखाली एखादी असते. पार्किंगची जागा अडते म्हणून सभेत विषय निघतो आणि वजनावर ती जाते.

तुमच्या आवारात अशी गाडी असेल तर विकण्याआधी एक करा. टॉर्च घेऊन आत चासीचा नंबर आणि इंजिनाची पट्टी वाचा, आणि कागदपत्रांवरचं साल बघा. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५ हजार. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती काढता येत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला काढता येते. बॉनेटखाली मूळ पेट्रोल इंजिन असेल तर ते बदलू नका, आणि भंगारवाल्याला फोन करण्याआधी एकदा आरटीओत चौकशी करा.