स्थिर भांडवल गुंतवणूक : अमेरिका आणि इथिओपिया

कारखाने, यंत्रे, रस्ते, घरे अशा वर्षानुवर्षे वापरात राहणाऱ्या मालमत्तेवर देशात एका वर्षात होणारा खर्च म्हणजे स्थूल स्थिर भांडवलनिर्मिती. ती देशांतर्गत उत्पादनाच्या, म्हणजे जीडीपीच्या, टक्केवारीत सांगायची रीत आहे. श्रीमंत आणि गरीब देश शेजारी ठेवले की नेमकी हीच टक्केवारी चकवते. २०१५ च्या सुमारास अमेरिकेचा दर २० टक्क्यांच्या जवळपास होता, अल्प उत्पन्न गटातल्या इथिओपियाचा ४० टक्क्यांच्या आसपास. दरडोई हिशेब मांडला तर इथिओपियात माणशी जेमतेम अडीचशे डॉलर पडतात, अमेरिकेत अकरा हजारांहून अधिक.

गुंतवणुकीच्या या रकान्यात काय काय बसते ते पाहण्यासारखे आहे. आंतरराष्ट्रीय हिशेबपद्धतीनुसार औताचा बैल आणि दुभती गाय हे स्थिर भांडवल. खाटकासाठी पोसलेला बोकड नव्हे. कुटुंबाने स्वतः खपून बांधलेले घर धरतात, पण घरची मोटार उपभोगात जाते. २००८ च्या सुधारित पद्धतीने संशोधनखर्चही आत आला. अमेरिकेने २०१३ पासून तो धरला आणि चित्रपटांसारख्या कलाकृतींनाही जागा दिली. तेव्हा हॉलिवूडचा सिनेमा आणि इथिओपियाच्या पठारावरची बैलजोडी आता एकाच रकान्यात नांदतात.

शिवाय हा आकडा स्थूल, म्हणजे घसारा (जुन्या मालमत्तेची झीज) वजा न केलेला. अमेरिकेच्या गुंतवणुकीतला सुमारे तीन चतुर्थांश भाग तो घसारा भरून काढण्यातच जातो. निव्वळ भर थोडी.

किमतींचाही घोळ आहे. इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबात, हजामत स्वस्त, पण जनरेटर जगाच्याच भावाने घ्यावा लागतो. म्हणून आंतरराष्ट्रीय किमतींत मोजले की गरीब देशांचा गुंतवणूक दर खाली येतो. श्ये आणि क्लेनो या अर्थशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये याचा उलगडा केला : तिथे यंत्रे महाग नसतात, उपभोगाच्या वस्तू आणि सेवा स्वस्त असतात. त्याआधी १९९० मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट लुकास यांनी साध्या प्रतिमानाने गणित केले, तर भारतात भांडवलाचा सीमांत परतावा, म्हणजे वाढीव भांडवलावर मिळणारा परतावा, अमेरिकेच्या ५८ पट निघाला. तसे असते तर भांडवलाचा लोंढा भारताकडे वळला असता. तो का वळत नाही, हाच त्यांचा प्रश्न होता.

झालेला खर्च आणि कामाला लागलेले भांडवल यांतली दरी इथिओपियात ठळक दिसते. नाईल नदीवरच्या महाधरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले, त्यासाठी जनतेला रोखे विकले गेले, नोकरदारांच्या पगारातून वर्गणी घेतली गेली. बांधकाम जसजसे पुढे सरकले तसतसे ते दरवर्षी गुंतवणुकीत जमा होत गेले. पहिली वीज मात्र फेब्रुवारी २०२२ मध्ये आली. ५,१५० मेगावॅट क्षमतेच्या या धरणाचे उद्घाटन व्हायला सप्टेंबर २०२५ उजाडले. आदिस अबाबाला जिबूती बंदराशी जोडणारी सुमारे ७५० किलोमीटरची विद्युत रेल्वे चिनी कर्जातून उभी राहिली आणि २०१६ मध्ये तिचे उद्घाटन झाले. दोनच वर्षांत त्या कर्जाची मुदत १० वर्षांवरून ३० वर्षे करून घ्यावी लागली. यंत्रसामग्री डॉलरमध्ये घ्यायची आणि तिकीट बिर या स्थानिक चलनात विकायचे, असा हा व्यवहार. डॉलरमधले कर्ज इतरही होते : डिसेंबर २०२३ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांना विकलेल्या १०० कोटी डॉलरच्या रोख्यावरचा सुमारे ३ कोटी ३० लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता इथिओपियाने थकवला.