उरलेल्याची पुढची पायरी

जगातल्या मोठ्या शहरांमधल्या मद्यालयांत गेल्या दशकभरात एक चळवळ रुजली आहे. पिळून झालेल्या लिंबाच्या साली साखरेत मुरवायच्या, अननसाची साल आंबवायची, डाळिंबाचा चोथा सिरपात उकळायचा आणि त्यातून कॉकटेल बनवायचे, असा तिचा प्रघात. लंडनमध्ये २०१३ साली उघडलेल्या ‘व्हाइट लायन’ने बर्फ आणि नाशवंत फळे यांना फाटा देऊनच आपला बार चालवला. पुढे ‘ट्रॅश टिकी’ हे नाव घेऊन दोन बारटेंडर देशोदेशी फिरले आणि एरवी कचऱ्यात गेलेल्या जिन्नसांतून पेये कशी करायची ते त्यांनी दाखवले. या चळवळीचा हेतू चांगला आहे आणि तिची तंत्रेही खरी आहेत. मात्र ती स्वतःला नवी समजते, तिथे चुकते. उरलेल्यातून पेय करणे ही साष्टीच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या मिरा-भाईंदरच्या उत्तन-डोंगरी पट्ट्यात आणि त्याच्या आजूबाजूला, कित्येक पिढ्या चालत आलेली रीत होती. ती रीत पाककृतींच्या जोरावर टिकली नव्हती. प्रत्येक पदार्थाला त्याच्या बिघडण्याच्या वाटेवर पुढची एखादी जागा ठरलेली होती, म्हणून ती टिकली. आणि ती मोडली ती लोकांची चव बदलली म्हणून नव्हे. करांनी आणि कायद्यांनी तिच्या मधल्या पायऱ्या काढून घेतल्या, म्हणून मोडली. अन्न वाया जाऊ नये असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी हा इतिहास नीट पाहायला हवा.

मिरा-भाईंदर म्हटले की आज उंच इमारती आणि लोकलची गर्दी डोळ्यांसमोर येते. १९८५ साली इथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. पण याच महापालिकेच्या हद्दीत पश्चिमेला, जिला जुन्या कागदांत धारावी बेट म्हणत, ती उत्तन, डोंगरी, चौक या गावांची किनारपट्टी येते आणि तिच्या दक्षिणेला लागून गोराई-मनोरी. कोळी, आगरी, भंडारी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती यांची ही वस्ती. १५३४ साली वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, ती १७३७ ते १७३९ या काळात मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या दोनशे वर्षांत इथल्या स्वयंपाकघरात आंबवलेला पाव आला, व्हिनेगर आले. आणि या दोन्हींसाठी लागणारी गोष्ट इथे आधीपासूनच होती. ती म्हणजे ताडाचा आणि माडाचा रस.

हा रस म्हणजे घड्याळ पाहून वापरायची चीज. पहाटे झाडावरून उतरवलेला ताजा रस गोड असतो, ती नीरा. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर ती थोडा वेळ तशीच गोड राहते. चुना नसेल तर रस मडक्यातच आंबू लागतो, कारण मडक्याच्या भिंतींना आदल्या दिवशीच्या रसाचे यीस्ट चिकटून राहिलेले असते. म्हणजे विरजणदेखील उरलेल्याचेच. काही तासांत नीरेची ताडी होते, दुपारपर्यंत ती फेसाळते आणि गोडी जाऊन तिला तिखटपणा चढतो. त्या दिवशी जी प्यायली जाते ती जाते. जी उरते तिच्यातले यीस्ट पिठात घातले की पीठ फुगते. ईस्ट इंडियन घरांतले फुगे नावाचे तळलेले गोल पाव याच ताडीवर फुगत आणि गोव्यातले पोदेर, म्हणजे पाव भाजणारे, हेही हीच ताडी वापरत. पिठालाही लागली नाही ती आणखी काही दिवस ठेवली की हवेतले जिवाणू तिच्यातल्या मद्याचे आम्ल करतात आणि तिचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो. मासळी आणि मांस टिकवायला, इंदियाल नावाच्या मांसाच्या कालवणाला आंबटपणा द्यायला हाच शिरका लागे. ज्याच्याकडे ताडी जास्त होई आणि भट्टीची सोय असे, तो ती गाळून अराक करी. गोडवा, फेस, फुगवण, आम्ल, अर्क: एकाच रसाच्या या पाच अवस्था आणि प्रत्येक अवस्थेला गिऱ्हाईक. यात ‘वाया गेले’ म्हणायला जागाच नव्हती, कारण एका वापरासाठी बिघडलेली वस्तू दुसऱ्या वापरासाठी नुकतीच तयार झालेली असे.

ताडीबाहेरचे स्वयंपाकघरही याच रीतीने चाले. लोणी काढल्यावर उरते ते ताक. त्याला कोणी टाकाऊ मानले नाही, उलट जेवणाचा शेवट त्यानेच होई. भाताच्या वर राहिलेली पेज मीठ घालून प्यायली जाई. कोकमाच्या फळाची साल त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून वाळवली की आमसूल, मिठात मुरलेला रस म्हणजे आगळ आणि उरलेल्या बियांचे तेल. गोव्यात तर काजूची बी काढून घेतल्यावर मागे राहणाऱ्या रसाळ बोंडालाच नवी वाट मिळाली. बोंड पायांनी तुडवून नीरो, पहिल्या गाळणीचा हुर्राक आणि पुढच्या गाळणीची फेणी. २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि पुढे गोवा सरकारने तिला वारसा पेयाचा दर्जा दिला. ईस्ट इंडियन लग्नघरात गावठी दारूत पाणी, साखर आणि दालचिनी-लवंगांसारखे मसाले घालून गरम केलेले खिमाड दिले जाई. तिखट, कडक दारूला असे मऊ करून अनेकांपुरते वाढवणे म्हणजे कॉकटेलच. आणि कॉकटेलच्या जागतिक वंशावळीतही या किनाऱ्याचे नाव आहे. हिंदुस्थानातल्या इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रांत १६३२पासून ‘पंच’ या मिश्र पेयाचा उल्लेख सापडतो, १६७०च्या दशकात पश्चिम किनाऱ्यावर फिरलेल्या जॉन फ्रायरने गोव्याचा अराक आणि त्यापासून इंग्रज करत असलेला पंच यांची नोंद केली आहे. अमेरिकेत जेरी थॉमसने १८६२ साली बारटेंडरसाठी पुस्तक छापले, त्यातही पंचांना मोठी जागा आहे आणि लिंबाची साल साखरेवर घासून तिचा वास काढून घेण्याची रीत आहे. आजचे बार जे ‘शून्य कचरा’ तंत्र म्हणून सांगतात, ते त्या काळी पंचाचे रोजचे काम होते.

मग एवढी सलग साखळी तुटली कशी? तिच्या मधल्या कड्यांवर सरकारने एकेक करून हात टाकला. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्याचे काम गावोगावच्या भट्ट्यांतून काढून मोजक्या मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे नेले. उरणच्या भट्ट्यांमधली मोहाची दारू ठाणे जिल्हाभर खपवण्याचे धोरण आले. ताडीची स्वस्त स्पर्धा नको म्हणून रस काढायच्या झाडांवरचा कर वाढवत नेला. कर झाडामागे होता, रसाच्या वापरामागे नव्हता. त्यामुळे पिण्यासाठी, पिठासाठी की शिरक्यासाठी, हा भेदच उरला नाही. ताडी काढणाऱ्या भंडाऱ्याला जिथे झाडामागे पैसे भरायचे, तिथे सर्वांत जास्त किंमत देणारे गिऱ्हाईक म्हणजे फक्त पिणारा. १८९२च्या म्हवरा कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले साठवण्यावर बंधने घातली. तीच फुले दुष्काळात आदिवासींचे अन्नही होती. स्वातंत्र्यानंतर १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने उरलेली वाटही बंद केली. नंतर परवान्यांची व्यवस्था आली आणि मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नीरेचे स्टॉल दिसू लागले. पण शिरका, फुगवण, खिमाड या मधल्या पायऱ्या परवान्याच्या भाषेत कुठेच बसल्या नाहीत. कायद्याला दोनच गोष्टी दिसल्या, गोड नीरा आणि नशा. त्यांच्या मधले सगळे दिसेनासे झाले.

या मांडणीवर पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळे गरिबीमुळे होते. ज्याच्याकडे टाकायला काही नाही तो टाकत नाही, त्याला पर्यावरणाची जाणीव म्हणणे म्हणजे गरिबीचे उदात्तीकरण. आक्षेपात तथ्य आहे. त्या घरांना बचत करायची होती, पृथ्वी वाचवायची नव्हती, हे मान्य करायला हवे. तरी गरिबी एकटीच कौशल्य निर्माण करत नाही. गरीब घरातही रस आंबून वाया जाऊ शकतो, जर त्या अवस्थेचा उपयोग ठाऊक नसेल आणि तो घेणारा शेजारी नसेल. इथे ज्ञान होते, भांडी होती, शेजारची बेकरी होती, लग्नाचा हंगाम होता. काटकसर त्या व्यवस्थेचे कारण होती, पण व्यवस्था हे काटकसरीपेक्षा मोठे काम होते. म्हणूनच आज घरात पैसा आला तरी ते ज्ञान आपोआप परत येत नाही आणि पैसा नसला तरीही येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दारूमुळे इथली कितीतरी घरे उद्ध्वस्त झाली. मग उरल्यासुरल्याच्या निमित्ताने पुन्हा पेयांची महती का गायची? मनोरी खाडीपासून फार लांब नसलेल्या मालाडच्या मालवणीत जून २०१५मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले, हे विसरता येणार नाही. पण त्या दारूत होते मिथेनॉल, कारखान्यातून आलेले. ताडाचा रस त्यात नव्हता आणि फळांच्या सालीही नव्हत्या. उघड्यावर, ओळखीच्या माणसाकडून, दिवसाच्या दिवशी विकली जाणारी ताडी जिथे मागे पडली, तिथे चोरून आलेल्या, कशापासून केली ते न कळणाऱ्या दारूला जागा मिळाली, हा धोका दारूबंदीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो. तरीही घरी दारू गाळणे बेकायदा आहे आणि धोक्याचेही, यात शंका नाही; ते सुचवण्याचे कारणही नाही. या परंपरेतला मोठा भाग मद्याचा नाहीच. आगळाचे सरबत, ताक, पेज, सालींचा साखरपाक, शिरक्यात मुरवलेले फळ आणि त्यात सोडा: ही सगळी पेये न पिणाऱ्याच्या पेल्यातही तितकीच शोभतात. ज्याला मद्य घालायचे त्याने परवान्याच्या दुकानातले घालावे. उरलेल्याचे काम तिथे आम्ल, गोडवा आणि वास देण्याचे, आणि तेच काम अवघड आहे.

तिसरा आक्षेप आकड्यांचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४च्या अहवालात अंदाज दिला की २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले साठ टक्के घरांमधून. भारतातल्या घरांसाठी अंदाज माणशी वर्षाला सुमारे ५५ किलोचा. या ढिगापुढे लिंबाच्या सालींचा काय हिशेब? सालींचा हिशेब लहानच आहे. पण घराघरातला कचरा असाच लहान लहान गोष्टींचा बनलेला असतो: अर्धे कापलेले अननस, मऊ पडलेला आंबा, आदल्या दिवशीची पेज, नासायला आलेले दूध. एकेका वस्तूकडे पाहिले तर ती फेकण्याजोगी वाटते, कारण तिची पुढची पायरी आपल्याला माहीत नसते. मिरा-भाईंदरमध्ये या प्रश्नाला पत्ताही आहे. शहराचा कचरा उत्तनच्या डोंगरावर जातो, तिथे आगी लागतात, धूर खालच्या गावांत उतरतो आणि त्याविरुद्ध तिथल्या लोकांनी वारंवार आवाज उठवला आहे. ज्या गावांनी आंबलेल्या रसालाही टाकले नाही, त्यांच्याच माथ्यावर साऱ्या शहराचे फेकलेले अन्न येऊन पडावे, हा अन्याय आहे आणि तो कमी करण्याची जबाबदारी शहरातल्या प्रत्येक स्वयंपाकघरावर आहे.

म्हणून साली साखरेत मुरवण्याची तंत्रे शिकावीत, पण तेवढ्यावर थांबू नये. इतिहास सांगतो की पाककृती टिकते ती गिऱ्हाइकावर आणि गिऱ्हाईक टिकते ते परवानगीवर. ताडीचा शिरका करून विकणाऱ्याला, ताडीवर पाव फुगवणाऱ्या बेकरीला आणि फळांच्या चोथ्यापासून सरबत बाटलीत भरणाऱ्या महिला बचत गटाला वेगळा, सोपा परवाना मिळायला हवा. झाडावरचा कर रस कशासाठी वापरला त्यावर ठरायला हवा. महापालिकेने ओला कचरा वेगळा करायला सांगावेच, पण बाजारातल्या फळवाल्याकडचे मऊ पडलेले फळ कचरापेटीत जाण्याआधी कोणाकडे जाऊ शकते, याचीही घडी बसवावी. उत्तन-गोराईच्या वयस्कर बायकांना फुग्यांचे आणि शिरक्याचे जे ज्ञान आहे, ते त्यांच्याबरोबर जाण्याआधी शाळा-महाविद्यालयांच्या अन्नशास्त्र विभागांनी नोंदवून घ्यावे आणि त्या ज्ञानाचा मोबदला त्यांना द्यावा. लंडनच्या बारने नाशवंत फळांना फाटा दिला, तो त्याचा मार्ग झाला. इथल्या किनाऱ्याने नाश पावणाऱ्या प्रत्येक वस्तूला पुढचे काम दिले होते. मिरा-भाईंदरसारख्या शहराला दुसरी रीत अधिक उपयोगी आहे आणि ती परत आणणे हे चवीपेक्षा धोरणाचे काम आहे.