पोरीचं बोलणं तपासायचं कसं?

आज बचतीचं नाही, शाळेचं बोलायचंय. प्रगतीपुस्तकाचं.

आमच्या गटातल्या एकीची लेक सातवीत आहे. वाचलेल्या पुस्तकावर दोन पानं लिहायची आणि वर्गापुढं उभं राहून पाच मिनिटं बोलायचं, असं काम शाळेनं दिलं होतं. तिनं ‘श्यामची आई’ घेतलं. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं हे पुस्तक म्हणजे मुळात रोज रात्री सांगितलेल्या गोष्टीच. पोरीनं काय केलं, तर आई किती थोर होती वगैरे सांगितलंच नाही. कर्जापायी त्या घराची अब्रू कशी जाते, तेवढंच धरून बसली. मधेच म्हणाली, “आमच्या गल्लीत हप्तेवाला आला की माझी मायबी अशीच दाराआड रडायली असती.”

वहीवर शेरा आला: भाषा अशुद्ध, विषयांतर. ‘रडायली’ला लाल गोल. तिच्याआधी एका पोरानं गाईडातला मजकूर घडाघडा म्हटला, त्याला ‘उत्कृष्ट’.

माय ती वही घेऊन बैठकीला आली. घरचा हप्ता चारचौघांत निघाला याची तिला आधी लाजच वाटली होती. मग राग आला, तो पोरीवर नाही, त्या लाल गोलावर. ती म्हणाली, “हिनं आता बोलायचंच सोडलंय. म्हणते, पुढच्या बारीला गाईडातलंच पाठ करते.” त्या दिवशी आम्ही कर्जाचा विषय बाजूला ठेवला आणि मुलांचं बोलणं तपासायची ही रीत आली कुठून, ते शोधायला लागलो.

फार मागं जावं लागलं. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा परीक्षा लोकांसमोर होई. 1853 च्या फेब्रुवारीत दोनशेहून जास्त मुलींची परीक्षा झाली, ती बघायला हजारोंची गर्दी लोटली होती. मुलगी शिकते म्हणजे काय करते, हे लोकांना डोळ्यांनी पाहायचं होतं. मुलींना ते अवघडच गेलं असणार. पण ऐकणारे ऐकायला आले होते, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं.

याच शाळांतल्या मुक्ता साळवेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मांग समाजातली ही मुलगी जेमतेम तीन वर्षं शिकलेली. तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ या पत्रात 1855 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये दोन भागांत छापून आला. तिनं पुस्तकातलं काही उतरवून काढलं नव्हतं. धर्माचे ग्रंथ आम्हाला वाचायची बंदी, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. आणि आमच्या बाया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होतात, हे तिनं लिहिलं. आजच्या एखाद्या तपासणाऱ्यानं त्यालाही विषयांतर म्हटलं असतं का? आम्हाला वाटतं, म्हटलं असतं. पण तेव्हा ते जसंच्या तसं छापलं गेलं, म्हणून आज पावणेदोनशे वर्षांच्या आसपास ते आपल्या हातात आहे.

पुढं इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात शाळा वाढल्या आणि तपासणीला माणसं नेमली गेली. खेड्यात त्यांना दिपोटी म्हणत. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवून निघायची, पोरांना धुतलेले कपडे. खाजगी शाळांना सरकारी पैसा मिळायचा तो किती मुलं पास होतात त्यावर. मग मास्तर काय करणार? पोरांकडून पाठ करून घेणार. घोकंपट्टीला आपण मास्तरांना नावं ठेवतो, पण तिच्या मुळाशी अशी पैशाची गाठ होती.

आपली परभणी तर तेव्हा निजामाच्या राज्यात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला तिथं फारसी जाऊन उर्दू राज्यकारभाराची भाषा झाली. 1918 ला निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दूतून शिकवणारं. खालच्या वर्गांत मराठी चाले, वर जावं तसं उर्दू. घरात एक भाषा, परीक्षेत दुसरी. माहीत असूनही सांगता न येणारी किती पोरं मागं राहिली असतील! उर्दूचा यात दोष नाही. आपला ‘हप्ता’ हा शब्दही फारसीच, सात दिवसांचा आठवडा या अर्थाचा. बोच होती ती आपल्या बोलण्याला कचेरीत आणि शाळेत किंमत नसण्याची. त्याच काळात परभणीत बांधकाम खात्यात नोकरी करत बी. रघुनाथ मराठीत कविता, कादंबऱ्या लिहीत राहिले, हे म्हणून मोठं.

17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मुक्त झालं, शाळा मराठी झाल्या. पण ही मराठी पुस्तकाची. आपली ‘करायलाव’, ‘जायलेत’ तिच्यात नाही. एक परकी भाषा गेली आणि आपलीच बोली चुकीची ठरली.

आता कायदा काय म्हणतो, तेही सांगतो, कारण ते आपल्याला कुणी सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 29 व्या कलमात आहे की मुलाला भीती, दडपण असू नये आणि आपलं मत मोकळेपणानं मांडता यावं; जमेल तिथवर शिकवणं मातृभाषेतून व्हावं. त्याच वर्षी 20 ऑगस्टला महाराष्ट्रानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला. त्यात तोंडी कामाला वेगळी जागा दिली. सातवी-आठवीला 100 पैकी 40 गुण वर्षभराच्या कामाचे आणि 60 परीक्षेचे. त्या 60 मध्येही 10 तोंडी-प्रात्यक्षिकाचे. म्हणजे पोरीचं बोलणं ही फालतू गोष्ट नाही, ती मोजली जाते.

आम्ही चौघी शाळेत गेलो. भांडायला नाही. बाईंच्या टेबलावर रजिस्टरांचा ढीग होता, वर्गात चाळीसावर पोरं. बाई म्हणाल्या, “एकेकाचं पाच मिनिटं ऐकायचं कधी?” ते खरंच होतं. मग आम्ही एवढंच मांडलं: लिहिताना पुस्तकाची भाषा तपासा, आमची ना नाही. पण बोलताना आधी हे बघा, की पुस्तक खरंच वाचलंय का? त्यातला कोणता प्रसंग लेकराला लागला आणि का? दुसऱ्या पोरानं प्रश्न विचारला तर उत्तर देता येतं का? ‘रडायली’ची ‘रडत होती’ नंतर करता येईल, गोल न करता, शेजारी लिहून.

बाईंनी ते वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. आमच्या गावात दोघी आमच्या गटातल्या आहेत, सही करून परत येणाऱ्या. या वेळी त्यांनी विषय मांडला. मुलं बोलतील तेव्हा दोन-तीन पालकांनी ऐकायला बसावं, असं ठरलं. त्यानं बाईंचंही काम हलकं होईल.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळच्या शाळेत सातवीची बारा पोरं बोलणार आहेत. ती पोरगी हो म्हणत नव्हती. परवा तिनं मायला विचारलं म्हणे, “तू येणार का ऐकायला?”